वाघ चकणा का होतो? दोलसाठी होगॉन घरी शिवताना

माझ्या मुलाच्या दोलला, म्हणजे कोरियन पद्धतीच्या पहिल्या वाढदिवसाला, मी स्वतः होगॉन शिवला. होगॉन ही मुलग्याची वाघाच्या तोंडाची काळी टोपी, मागे पाठीवर पदर सोडलेली. तीन रात्री जागून डोळे भरले, मिशा काढल्या. मग दोन्ही भाग जोडले आणि उलटवून पाहिलं, तर वाघ चकणा. शेजारच्या हाल्मोनी, म्हणजे आजीबाई, बराच वेळ टोपीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वाघाला झोप आलीय का?"

त्यानंतर ओळखीतल्या मुलांसाठी अशा बऱ्याच टोप्या शिवल्या, इतरांना शिवताना पाहिलं, आणि लक्षात आलं की जवळजवळ सगळे तिथंच चुकतात. आपल्याकडे ज्यांनी बाळाची कुंची शिवलेली असते त्या तर हमखास. कुंची आणि होगॉन लांबून सारखेच दिसतात: डोकं झाकलेलं, मागे पदर. पण कुंचीचे बंद हनुवटीखाली बांधतात आणि होगॉनचे डोक्यामागे. त्यामुळे बेतणं वेगळं, चुणी वेगळी, शिवण्याचा क्रमही वेगळा. खालचा क्रम मोडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. शिवण साधीच आहे.

## आधी ठरवा: शिवायचं नक्की काय?

सगळ्या टोप्यांना सरसकट "दोलची टोपी" म्हणून दुकानात विचारू नका, भलतंच हातात पडेल.

होगॉन आणि बोक्कॉन मुलग्यांचे. दोन्हींचा कट एकच. बोक्कॉन कोरा काळा, होगॉनवर वाघाचं तोंड आणि कान. दोन्ही जॉनबोक या बिनबाह्यांच्या लांब अंगरख्यावर घालतात.

गुल्ले मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं. ती बंद टोपी नसते. भरतकाम केलेल्या पट्ट्या डोक्यावर एकत्र येतात आणि मधे मोकळी जागा राहते. पट्ट्या तीन, पाच किंवा नऊ. सोलची पद्धत तीनची, केसॉंगची नऊची. ('गुल्ले'च्या पहिल्या अक्षराचा उच्चार 'ग' आणि 'क'च्या मधला आहे. मराठी माणसाने कृपया 'ग'कडेच झुकावं. कारण सांगायला नको.)

जोबावी मुलींची आणि बायकांची. वरून उघडी, कान आणि गाल झाकणारी, मागेपुढे गोंडे. नांबावी आणि पुंगचा या थंडीच्या टोप्या, कडेला फर असलेल्या. पुंगचाला गाल झाकायचे पडदेही असतात. मुलीच्या डोक्यावर केस नुसते भुरभुरत असतील तर बेस्सीदेंगी नावाचं भांगावर बसणारं छोटं आभूषण पुरतं, टोपी शिवायची गरजच नाही.

पहिल्यांदा शिवणाऱ्याने होगॉन किंवा बोक्कॉन घ्यावा. गुल्लेच्या पट्ट्या एका टाक्याने इकडेतिकडे झाल्या तरी माथ्यावरचा जोड वाकडा दिसतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं काम. पुढे सगळं होगॉनबद्दल आहे. बोक्कॉन हवा असेल तर टप्पा ५ मधलं वाघाचं तोंड आणि कान गाळा, बाकी सगळं तेच.

## टप्पा १: मापं

मापं तीनच आहेत, पण घेण्याची वेळ महत्त्वाची. एक वर्षाच्या मुलग्याच्या डोक्याचा घेर सरासरी ४६ सेंटिमीटर असतो, मुलीचा ४५. नवव्या महिन्यात तोच मुलगा ४५ वर असतो. म्हणजे हौसेने तीन महिने आधी माप घेऊन ठेवलंत तर टोपी एक सेंटिमीटरने घट्ट होणार. समारंभाच्या तीन आठवडे आधी माप घ्या, त्याच्या आधी नको.

बाळ झोपलेलं असताना किंवा दूध पिताना घ्या:

क) घेर: भुवयांच्या वर, कानांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून. टेप ओढू नका.

ख) कपाळाच्या मध्यापासून माथ्यावरून मानेच्या खळगीपर्यंत. ४६ घेराला हे साधारण ३३ येतं.

ग) मानेच्या खळगीपासून पदर जिथे संपवायचा तिथपर्यंत. मी १६ धरते. जास्त लांब केलात तर बसलेल्या बाळाचा पदर दोलत्तीत, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात, अडकतो आणि बाळ वाकलं की टोपी मागे ओढली जाते.

⚠ "एक वर्ष" असं लिहिलेली तयार टोपी समोर ठेवून त्यावरून कट काढू नका. बाजारातल्या बऱ्याच टोप्यांना मागे इलास्टिक किंवा वेल्क्रो असतं, त्यामुळे त्या कुठल्याही डोक्यावर बसतात आणि कुठल्याच डोक्यावर नीट बसत नाहीत.

## टप्पा २: कागद आणि मांजरपाट

४६ घेरासाठी माझा कागदी नमुना असा. एका बाजूचा भाग म्हणजे १७ सेंटिमीटर रुंद आणि ३६ उंच आयत. उंचीतले वरचे २० डोक्याचे, खालचे १६ पदराचे. आयताची एक उभी बाजू चेहऱ्याकडची, दुसरी पाठीकडची. पाठीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून आडवे ९ आणि खाली ९ मोजून खुणा करा आणि त्या गोलाईने जोडा. चेहऱ्याकडचा कोपरा तसाच टोकदार ठेवा. तो गोल केला की कपाळावर टोपीची रेघ सरळ बसत नाही, मधे खड्डा पडतो.

आता वरची सरळ रेघ, गोलाई आणि पाठीची रेघ यांवरून टेप उभी धरून मोजा, पदर सुरू होतो तिथपर्यंत. ३३ च्या आसपास आलं पाहिजे, म्हणजेच माप (ख). कमी-जास्त असेल तर डोक्याची उंची बदला. घेर २ सेंटिमीटरने वाढला तर रुंदी आणि उंची प्रत्येकी पाऊण सेंटिमीटरने वाढवा.

सगळ्या कडांना १ सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड.

मग मांजरपाटाचे किंवा जुन्या चादरीचे दोन भाग कापा, वरची-मागची शिवण धावदोऱ्याने घाला आणि बाळाच्या डोक्यावर घालून बघा. हा टप्पा सगळे गाळतात. मीही गाळला होता.

✔ बघायचं काय: पुढची कड कपाळाच्या मध्यावर आहे का? मधली शिवण नाकाच्या रेषेत येते का? बाळाने मान खाली घातली तर मागे ताण येतो का? गालांजवळ कापड सैल लोंबत असेल तर घाबरू नका, ते सैलच असायला हवं. ते चुणीत जाणार आहे. कुंची शिवणारे नेमकं हेच कापड "जास्तीचं" म्हणून कापून टाकतात आणि मग चुणीला काही उरत नाही.

## टप्पा ३: कापड घेणं आणि कापणं

सोलमध्ये असाल तर ग्वांगजांग बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर रेशमाची आणि हानबोकची, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाखाची, दुकानं आहेत. दोरे, गोंडे, सटरफटर तोंगदेमुनच्या मोठ्या बाजारसंकुलात मिळतं. कापड 'मा'वर विकतात, एक मा साधारण ९० सेंटिमीटर. पन्हा ५५ सेंटिमीटरचा असेल तर वरचं काळं कापड अर्धा मा आणि अस्तर अर्धा मा पुरतं. दोन भाग शेजारी-शेजारी ३८ सेंटिमीटर खातात. उरलेल्या १७ च्या पट्टीतून दोन्ही बंद आणि कान निघतात. दुकानदार "एक मा घ्या" म्हणेल. नको.

जुन्या पद्धतीचा होगॉन काळ्या गाप्साचा, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या पातळ, अर्धपारदर्शक रेशमाचा, आणि आत गडद निळं अस्तर. दिसतो सुंदर. पण गाप्सातून माया दिसते, त्यामुळे शिवण केक्की पद्धतीने घालावी लागते: एकाच रेघेवर तीनदा टीप मारून, दर वेळी कापड दुमडून-कातरून माया दोऱ्याएवढी बारीक करत न्यायची. हात बसलेला नसेल तर गाप्साच्या नादी लागू नका. साधं घट्ट विणीचं रेशीम किंवा गोंगदान (आपलं सॅटिन) घ्या.

"प्युअर सिल्क आहे" यावर विसंबू नका. कडेचा एक धागा काढून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर वाईट नाही, पण इस्त्रीची उष्णता त्यावरून ठरवायची आहे.

कापताना:

वरच्या काळ्या कापडाचे दोन भाग आरशातल्यासारखे, म्हणजे कापड उजवी बाजू आत ठेवून दुमडून एकदमच कापा. एकेक कापलात तर दोन्ही डावेच निघायची शक्यता आहे, विशेषतः रात्री अकरानंतर.

अस्तराचे दोन भाग, पण पुढच्या आणि खालच्या कडेला २ मिलिमीटर कमी. अस्तर वरच्या कापडाएवढंच ठेवलं की उलटवल्यावर काळ्या कडेला निळी रेघ डोकावते.

बंद दोन, प्रत्येकी ६ बाय ३७. दुमडून, शिवून, उलटवल्यावर २ सेंटिमीटर रुंद आणि ३५ लांब होतात. कान चार तुकडे: दोन काळे, दोन लाल, गोलसर त्रिकोण, तयार उंची ४ सेंटिमीटर.

सगळं उभ्या धाग्यावर. बंदही. उरेब, म्हणजे तिरके, कापलेले बंद ताणले जातात, आणि मग गाठ सैल झाली असं वाटून आपण ते जास्तच आवळतो.

## टप्पा ४: मधली शिवण, फक्त वरच्या कापडाची

काळे दोन भाग उजव्या बाजू समोरासमोर ठेवून वरची रेघ, गोलाई आणि पाठीची रेघ एका दमात शिवा. सॅटिन घसरतं, म्हणून आधी कच्चा टाका घाला. नुसत्या टाचण्यांवर भागत नाही. माया ५ मिलिमीटरवर आणा, गोलाईवर इंग्रजी 'व्ही'सारखे छोटे कट द्या, शिवण उलगडून उलट बाजूने इस्त्री करा. गोलाईखाली गुंडाळलेला टॉवेल घाला, नाहीतर शिवणीला मोड पडेल.

अस्तराची शिवणही अशीच, फक्त पाठीच्या रेघेत मधे ८ सेंटिमीटर उघडं सोडा. टोपी तिथूनच उलटवायची आहे. हे भोक पदराच्या भागात ठेवा, डोक्याच्या भागात नको. हाताने बंद केलेली शिवण बाळाच्या डोक्याला टोचते.

✔ शिवलेलं काळं कापड हातात धरा. ते आता टोपीसारखं दिसतंय आणि अजून त्यावर वाघ नाही. बरोबर चाललंय.

## टप्पा ५: वाघाचं तोंड

इथे जरा थांबते, कारण बिघडतं ते इथेच.

माझा वाघ चकणा का झाला? सपाट कापडावर काम सोपं म्हणून मी डावा डोळा डाव्या भागावर, उजवा उजव्या भागावर भरला होता, मधल्या कडेपासून मोजून. शिवणीने दोन्हीकडून एकेक सेंटिमीटर गिळला आणि डोळे एकमेकांना चिकटले. माया धरून मोजलं असतं तरी दोन्ही भाग अर्ध्या मिलिमीटरने सरकले की एक डोळा वर, एक खाली. म्हणून मधली शिवण आधी, तोंड नंतर. आणि अस्तर त्याच्याही नंतर, नाहीतर भरतकामाचे टाके आतून बाळाच्या कपाळाला घासतील.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. तोंड टोपीच्या पुढच्या कडेपासून मोजायचं, पण कुठल्या कडेपासून? कापलेल्या कडेपासून मोजलंत तर अस्तर लावताना १ सेंटिमीटर आत जातो आणि वाघाचा खालचा जबडा गायब. म्हणून आधी शिवणीची रेघ पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने सगळ्या कडेला काढून घ्या. ती शून्य रेघ.

तिसरी गोष्ट कागदावर कळतच नाही. बाळाचं कपाळ मागे वळतं. समोरून पाहणाऱ्याला कडेपासून सात-आठ सेंटिमीटरपर्यंतचंच दिसतं, तेही वर जाईल तसं दबलेलं. टेबलावर गोल दिसणारे डोळे डोक्यावर मिचमिचे दिसतात. हाल्मोनींना वाघ झोपाळू वाटला तो यामुळे. डोळे उभट करा: रुंदी अडीच, उंची तीन सेंटिमीटर.

शून्य रेघेपासून माझी मापं: तोंड आणि दात १ ते २ वर, नाक ३ वर, डोळ्यांचे मध्य साडेचारवर आणि मधल्या शिवणीपासून प्रत्येकी अडीचवर, भुवया साडेसहावर, कान ८ वर आणि शिवणीपासून प्रत्येकी ४ वर. नाक नेमकं शिवणीवर येतं आणि तिला झाकतं. वाघाला नाक असण्याचा हा एक फायदा.

तोंड बसवण्याआधी फुगा फुगवा. घेर ४६ होईपर्यंत, टेप लावून. त्यावर टोपी चढवा, कागदाचे डोळे-नाक टाचणीने... नाही, टाचणीने नाही, चिकटपट्टीने लावा. आणि दोन मीटर लांब जाऊन बघा. फुगा डोक्यासारखा नसतो, पण टेबलापेक्षा बराच डोक्यासारखा असतो.

आता क्रम:

१. तोंडाच्या भागामागे पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) लावा, फक्त तेवढ्याच भागाला. आख्ख्या टोपीला लावलंत तर पदर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

२. भुवया, मिशा आणि जबड्याची रेघ आधी भरा, साखळी टाक्याने. मिशा बाहेर जाताना किंचित वर वळवा. खाली वळवल्या तर वाघ रडका दिसतो.

३. मग कापडी तुकडे: पांढऱ्या डोळ्याच्या कडा आतल्या कागदावर दुमडून बारीक हातटाक्याने बसवा, वर काळी बाहुली. दोन्ही बाहुल्या डोळ्याच्या मधोमध ठेवा. आतल्या कोपऱ्याकडे ठेवायचा मोह होतो, "एकटक बघतोय" असं वाटावं म्हणून, पुन्हा चकणा. दात म्हणजे छोटे पांढरे त्रिकोण, शून्य रेघेच्या वरच संपणारे.

४. शेवटी कान. काळा आणि लाल तुकडा जोडून उलटवा, आत चिमूटभर कापूस, खालची कड आत घेऊन लाल बाजू पुढे ठेवून बसवा. कान दुहेरी दोऱ्याने, उलट्या टाक्याने लावा. बाळ पहिल्यांदा ओढतं ते कानच.

⚠ टिकल्या, मणी, प्लॅस्टिकचे हलणारे डोळे, घुंगरू: नको. एक वर्षाचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि मणी दोऱ्यातून सुटायला एक रात्र पुरते. डोळे कापडाचेच.

### सोनेरी छाप हवी असेल तर

होगॉनच्या कडेला शुभ अक्षरांची सोनेरी छाप असते, तिला गुमबाक म्हणतात. खऱ्या कामात कोरलेल्या लाकडी ठशाने माशाच्या सरसाचा छाप उठवून त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात. घरी करायची गोष्ट नाही. छापवून घेणार असाल तर मधली शिवण झाल्यावर आणि अस्तर लागण्याआधी द्या, आणि छापणाऱ्याला शून्य रेघ दाखवा. त्यानंतर त्या कडेवर वाफ नाही, ओला फडका नाही, उजव्या बाजूने इस्त्री तर नाहीच. एका मैत्रिणीने अस्तर लावून झाल्यावर "एकदा हात फिरवते" म्हणत इस्त्री फिरवली. 'आयुष्य' हे अक्षर इस्त्रीच्या तळाला उमटलं.

## टप्पा ६: अस्तर

काळी टोपी आणि अस्तर उजव्या बाजू समोरासमोर. आधी मधल्या शिवणी एकमेकींवर टाचा, कपाळावर आणि खाली पदरावर; मग पुढची आणि खालची कड. अस्तर २ मिलिमीटर कमी आहे, त्यामुळे कड जुळवताना ते थोडं ताणावं लागेल, तेच हवंय. सगळीकडून शून्य रेघेवर शिवा. कान आत दाबून टाचून ठेवा, नाहीतर एखादा शिवणीत सापडतो.

कोपरे तिरके कापा, माया अर्ध्यावर आणा, अस्तराच्या भोकातून उलटवा. कोपरे काढायला कात्रीचं टोक नको, विणायची जाड सुई चालेल. अस्तर आत दाबून कडेला हाताने टाचा आणि अस्तराच्या बाजूने हलकी इस्त्री करा. भोक बारीक टाक्याने बंद.

✔ टोपी पालथी धरून पुढच्या कडेवरून बोट फिरवा. कुठे टोचत असेल तर तिथे मायेचा गठ्ठा राहिलाय. आत्ताच उसवा, बाळ सांगणार नाही, टोपी फेकून देईल.

## टप्पा ७: चुणी आणि बंद

होगॉन डोक्यावर धरून ठेवते ती ही चुणी. पुढच्या कडेवर मधल्या शिवणीपासून ९ सेंटिमीटरवर एक खूण, १२ वर दुसरी. १२ ची खूण उचलून ९ वर आणा. ३ सेंटिमीटर कापड आत दुमडलं जाईल. दुमड खाली वळवा. ती कडेपासून मागे ३ सेंटिमीटरपर्यंत जाऊन विरते. बरोबर कानशिलावर.

बंदाचं कच्चं टोक या दुमडीत सरकवा, बंद मागच्या दिशेला जाईल असा, आणि सगळे थर धरून उलट्या टाक्याने हातानेच शिवा. मशिनवर घालू नका. सगळ्या थरांवर पाय चढत नाही आणि शेजारी सोनेरी छाप असेल तर तिच्यावर मशिनचे दात उमटतात. दुसऱ्या बाजूला तेच, आणि शिवण्याआधी दोन्ही चुण्या एकमेकींसमोर धरून तपासा.

नेहमीची चूक म्हणजे चुणी फार खाली, गालावर घेणं. मग बंद कानाखालून मानेवर येतात. दुसरी म्हणजे बंदाचं तोंड खाली ठेवणं: पाहुण्यांपैकी कुणीतरी प्रेमाने ते हनुवटीखाली बांधतं, आणि मग फोटोत आपला वाघ कुंची घालून बसलेला असतो.

## टप्पा ८: घालणं

टोपी सगळ्यात शेवटी. आधी तारेबॉसॉन (गोंडेवाले मोजे), बाजी (सैल विजार), जॉगोरी (आखूड अंगरखा), वर दुरुमागी (लांब झगा), त्यावर जॉनबोक, मग दोलत्ती, आणि फोटोवाला तयार आहे असं दोनदा विचारून झाल्यावर होगॉन.

दोन माणसं लागतात. एकाने समोर बसून बाळाच्या हातात काहीतरी द्यायचं. दुसऱ्याने मागून घालायचं:

मधली शिवण नाकाच्या रेषेत धरून पुढची कड आधी कपाळावर टेकवा. मग टोपी मागे ओढा, उलट नाही. मागून पुढे ओढली की कड भुवयांवर येते आणि बाळ वैतागतं. पदर पाठीवर सरळ सोडा. दोन्ही बंद कानांवरून मागे नेऊन पदराच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगवट्याच्या लगेच खाली बांधा. फुगवट्यावर बांधलेले वर घसरतात. सुटी गाठ घाला, एका ओढीत सुटणारी.

✔ बंदाखाली दोन बोटं सहज जायला हवीत. कपाळावर दहा मिनिटांनी लाल रेघ दिसली तर घट्ट आहे. टोपी मोठी करता येणार नाही, पण बंद सैल करता येतो.

समारंभाच्या आधी निदान चार-पाच दिवस रोज दोन-दोन मिनिटं घालून बघा, आरशासमोर. दोलच्या दिवशी टोपी पहिल्यांदाच डोक्यावर चढली तर फोटोत रडणारं बाळ आणि त्याच्या डोक्यावर हसणारा वाघ येतो. माझ्याकडे असे फोटो आहेत.

क्रम आणखी एका ठिकाणी चुकतो: दोलजाबी. बाळापुढे दोरा, पैसे, पेन्सिल वगैरे मांडतात आणि ते काय उचलतं ते बघतात. उचलायला बाळ वाकतं, आणि वाकलं की टोपी डोळ्यांवर येते. टोपीतले बसलेले फोटो आधी काढून घ्या. मग हवं तर दोलजाबीला टोपी काढा. कुणी नाव ठेवत नाही. कडेवर घेताना हात पदराखालून घाला. पदरावरून धरलंत तर तुमच्याच हाताने टोपी मागे ओढली जाते आणि "सारखी निसटते" म्हणून दोष शिवणीला जातो.

⚠ गाडीत, पाळण्यात, झोपेत टोपी काढायचीच. मागे बंद आणि लांब पदर असलेली कुठलीही वस्तू बाळाला घालून झोपवू नये. हॉलमध्ये हीटर चालू असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी टोपीत हात घालून मान ओली आहे का बघा.

## नंतर

धुवायची नाही. पॉलिएस्टर असलं तरी नाही, कारण डोळ्यांमागचा कागद. घाम असेल तर टोपी उलटी करून एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा. लाळेचे डाग अस्तरावर असतील तर कोमट पाण्याने पिळलेल्या फडक्याने टिपा, घासू नका. मग पातळ कागद चुरगळून डोक्याच्या भागात भरा, म्हणजे कान मोडत नाहीत, आणि पदर न दुमडता मऊ सुती कापडात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. डांबराच्या गोळ्या घालायच्याच असतील तर सोनेरी छापेला लागणार नाहीत अशा लांब, पुडीत.

आणि कागदी नमुना फेकू नका. त्यावर घेर आणि तारीख लिहून ठेवा. तुम्ही होगॉन शिवलात हे एकदा कळलं की पुढच्या दोलचं बोलावणं मापासकट येतं.